मूल नको, मैत्रिणी हव्यात

‘ताई, मी ३६ वर्षांची, नवरा ३९. कोथरूडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, दोघंही नोकरी करतो. मूल नको, हे लग्नाआधीच बोलून ठरवलं होतं. दहा वर्षं झाली, ठरवल्याचं एकदाही वाईट वाटलेलं नाही. पण कॉलेजपासूनच्या आम्ही पाच जणी. तिघी आई झाल्या, चौथीचं गेल्या महिन्यात डोहाळजेवण झालं. शनिवारच्या भेटी बंद पडल्यात. ग्रुपवर डायपर आणि नर्सरीचे फॉर्म यापलीकडे काही नसतं. मी काही बोलले की “तुला नाही कळणार”. डोहाळजेवणात मैत्रिणीच्या मावशीने माझी ओटी भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “पुढच्या वर्षी तुझं.” सासूबाई म्हणतात, म्हातारपणी पाणी कोण देणार? दादा म्हणतो, आईबाबांचं तूच बघ, तुला कुठे व्याप आहे? नवरा नसबंदी करून घेऊ का, असं विचारतोय. ग्रुप सोडून द्यावा असं वाटतं. आम्ही सुखी आहोत, मग मला हे इतकं का लागतं?’
— क., पुणे

प्रिय क.,

लागतं, कारण मैत्रिणी दुरावल्यात. मूल नसल्याचं दुःख आणि शनिवार रिकामा गेल्याचं दुःख वरून सारखंच दिसतं. वेगळं काढायचं असेल तर एक करून बघ. डोळ्यांसमोर आण: चौघी पूर्वीसारख्या शनिवारी मोकळ्या आहेत, तुझ्या घरी गप्पा रंगल्यात, आणि तुला मूल नाही. अजून काही टोचतंय का? नसेल, तर निर्णयाला हात लावायची गरज नाही. टोचत असेल, तर ते फक्त नवऱ्याशी बोलायचं, आणि वय बघता पुढच्या वर्षावर न ढकलता. तुझ्या पत्रावरून मला तरी पहिलाच प्रकार दिसतो. म्हणजे नीट लावायचं आहे ते वेळापत्रक, आणि पुढे सांगते ती कागदपत्रं. पत्रातली निम्मी माणसं जे बोलतात ते कानाआड केलंस तरी चालेल.

ग्रुप सोडू नकोस. सोडलास की चौघी त्याचा अर्थ लावत बसतील, आणि तो ‘हिला आमची मुलं खुपतात’ असाच निघेल. म्यूट कर आणि दिवसातून एकदा चाळ. तो ग्रुप आता रात्री दोन वाजता ‘ताप १०१ आहे, काय करू’ हे विचारायची जागा झालाय. तिथे जुन्या गप्पा होणार नाहीत, हे मान्य केलंस की बराच राग उतरेल. यापुढे मैत्री एकेकीशी स्वतंत्र चालवायची. पाचही जणींनी एकत्र जमायचं हा हट्टच घोळ घालतो. चार घरं, चार झोपेच्या वेळा, चार सांभाळणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या. एकीचं बिनसलं की सगळं रद्द, आणि रद्द झालं की दोष कुणाला तरी द्यावासा वाटतोच. सगळ्या वर्षातून दोनदा भेटलात तरी पुष्कळ झालं.

मुलाचं वय माहीत असेल तर आईचा मोकळा वेळ कधी, ते कळतं. पहिले दोन-तीन महिने बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. या दिवसांत फोन करायचा नाही. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकायचा आणि शेवटी ‘उत्तर नको देऊस’ असं सांगायचं. ती पाजता पाजता ऐकेल. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीच्या डोसांच्या तारखा विचारून ठेव. त्या संध्याकाळी बऱ्याच बाळांना ताप येतो, रात्र खराब जाते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भेटीचं नाव काढायचं नाही. सहा-सात महिन्यांनी तिला घराबाहेर पडावंसं वाटू लागतं, पण बाळ दिवसातून दोन-तीनदा झोपत असतं, त्यामुळे धड कुठलीच वेळ सापडत नाही. अशा वेळी तूच तिच्या घरी जायचं. दीड वर्षाच्या आसपास दुपारची एकच झोप उरते, साधारण साडेबारा ते तीन. तेव्हापासून सकाळी नऊ ते अकरा किंवा संध्याकाळी साडेचार ते सात या वेळा बऱ्यापैकी खात्रीच्या. शनिवारी रात्री आठ म्हणजे पोराला भरवून झोपवायची वेळ. त्या वेळेला बोलावून ‘कुणी येतच नाही’ म्हणणं तुझं तुलाच पटणार नाही.

जागाही बदल. कॅफेत दीड वर्षाचं मूल दहा मिनिटं बसत नाही आणि आईचा सगळा जीव कप सांभाळण्यात जातो. त्यापेक्षा संभाजी बाग किंवा कमला नेहरू पार्क बरं. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेवढं बघून जायचं. मूल घसरगुंडीवर रमलं की बाकावर वीस मिनिटं सलग बोलता येतं, आणि या वयाच्या मुलांच्या आयांना वीस मिनिटं म्हणजे चैन असते. तिचा नवरा मुलाला घेऊन थांबणार असेल तर महिन्यातून एकदा दोन तास फक्त तुम्ही दोघी. त्याची तारीख भेटीतून उठतानाच पुढच्या महिन्यासाठी ठरवायची. ‘बघू, कळवते’वर सोडलेली भेट होत नाही. सगळ्यात धाकटं मूल चार वर्षांचं होईपर्यंत हे असंच चालणार, असं धरून चाल.

चौथीचं बाळंतपण आता येईल. झबली नेऊ नकोस. शून्य ते तीन महिन्यांची झबली सगळेच देतात आणि ती बघता बघता आखूड होतात. न्यायचीच तर वर्षाच्या मापाची ने. डिंकाचे आणि अळिवाचे लाडूही घरोघरून आलेले असतात. कमी पडतं ते रोजचं जेवण. चौघांना पुरेल एवढी मुगाची खिचडी आणि कढी, किंवा तिचा नवरा थालीपीठ लावू शकेल अशी अर्धा किलो भाजणी, आणि डबे परत न मागता. सर्दी-खोकला असेल तर जायचं नाही. हात धुवायचे, बाळाचा पापा घ्यायचा नाही, चहा आपणच करायचा, चाळीस मिनिटांत उठायचं. आणि बाळाची चौकशी झाली की तिची स्वतःची करायची: टाके दुखतात का, झोप किती झाली, आईकडे आहेस तर बरं चाललंय ना. तिला असं विचारणारं त्या दिवसांत फारसं कुणी नसतं.

मुलं तुझ्या घरी येणार असतील तर आदल्या रात्री एकदा गुडघ्यावर बसून हॉल बघ, म्हणजे त्यांच्या उंचीवरून काय हाताला लागतं ते दिसेल. सुटी नाणी, रिमोटमधले आणि वजनकाट्यातले बटणासारखे सेल, गोळ्यांचं पाकीट, डासांची लिक्विड बाटली हे सगळं वरच्या कपाटात. बटण सेल गिळला तर तो अन्ननलिका जाळतो, त्यामुळे तो आधी हलव. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे द्यायचे नाहीत. ते श्वासनलिकेत अडकतात. खेळणी आणायला जाऊ नकोस. चार स्टीलच्या वाट्या, झाकणाचे दोन प्लॅस्टिकचे डबे आणि एक जुनी चादर एवढ्यावर तास-दीड तास निघतो.

एक धोका मात्र ओळखून ठेव. तू मोकळी दिसतेस म्हणून हळूहळू फुकटचं पाळणाघर होशील. मूल सांभाळायला आवडत असेल तर जरूर सांभाळ, पण वेळ तू सांग: ‘रविवारी चार ते सहा मी आहे.’ ‘कधीही सोड’ असं म्हणू नकोस. ‘कधीही’ म्हणणाऱ्याकडे लोक गरजेला येतात, गप्पा मारायला येतात असं नाही. आणि सांभाळलंस त्याच दिवशी मैत्रिणीची भेट झाली, असं धरू नकोस. ती वेगळी हवी.

आता ‘तुला नाही कळणार’. एका अर्थी ते खरं आहे, पण बहुतेक वेळा ते दमलेल्या माणसाचं बोलणं असतं. तुला बाजूला टाकायचा तिचा विचारही नसतो. ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. जी सर्वांत जवळची तिला एकटीला गाठून सांग: ‘जागरण मला कळणार नाही हे खरं. पण ते वाक्य ऐकलं की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही.’ एवढं पुरे, स्पष्टीकरण जोडायचं नाही. तुझ्या बाजूनेही एक पथ्य पाळ. तुमच्या ट्रिपचे फोटो टाक, पण ‘बरं झालं आम्ही या भानगडीत पडलो नाही’ असली ओळ लिहू नकोस. चौघींपैकी कुणाचा गर्भपात झाला असेल, कुणी उपचार घेतले असतील, ते तुला सांगितलंच असेल असं नाही.

मावशींचं सोपं आहे. ओटी म्हणजे नारळ, तांदूळ, खण. ती घ्यायची आणि नमस्कार करायचा. ‘पुढच्या वर्षी तुझं’ म्हटलं तर ‘तब्येत चांगली राहू दे असा आशीर्वाद द्या’ म्हणून पानावर बसायचं. बारशाला जायच्या आधी मैत्रिणीला फोन करून स्पष्ट सांग की असला विषय निघाला तर तू मोड. डोहाळजेवणात ती काय करावं हे न सुचून हसली असेल. बारशाला तिला आधीच सांगितलेलं असेल. एक चूक मात्र कधी करू नकोस: सुटका व्हावी म्हणून ‘होत नाहीये’ असं सांगू नकोस. त्या क्षणी लोक गप्प होतात, पण आठवडाभरात डॉक्टरांचे नंबर, नवस आणि कुणाच्या तरी वहिनीला गुण आलेलं औषध सुरू होतं. ते थांबवायला पुढे आणखी चार खोटं बोलावं लागतं.

शहरात नवी माणसंही जोडायला हवीत, आणि ती फक्त मूल नसलेली असावीत असं नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायका, ज्यांची मुलं शिकायला बाहेर गेलीत, त्या तुझ्याइतक्याच मोकळ्या असतात. पंचविशीतल्या मुलीही असतात. अट एकच: ठरावीक वारी, ठरावीक वेळी, तीच तीच माणसं भेटायला हवीत. वेताळ टेकडीवर रोज सहाला चढणारा एखादा गट, गाण्याचा किंवा नाटकाचा वर्ग, पावसाळ्यात सराव सुरू करणारं ढोल-ताशा पथक, यातलं काहीही चालेल. एकदाच होणाऱ्या कार्यशाळांमधून ओळखी होतात, मैत्री होत नाही. निदान सहा महिने न चुकता जायचं.

सासूबाईंशी तू बोलायचं नाही. नवऱ्याने बोलायचं, आणि ‘ती नको म्हणते’ असं नाही, ‘आम्ही दोघांनी ठरवलंय’ असं. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं नाही तर पुढची वीस वर्षं दोष तुझ्यावर राहील. हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालंच तर र. धों. कर्वे आणि मालतीबाई यांची आठवण करून द्यायला हरकत नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडणाऱ्या या जोडप्याने स्वतः ठरवून मूल होऊ दिलं नव्हतं.

मात्र ‘म्हातारपणी कोण’ हा प्रश्न सासूबाईंनी टोमण्यासारखा विचारला म्हणून वाया घालवू नकोस. प्रश्न रास्त आहे. त्याचं बरंचसं उत्तर कागदावर द्यावं लागतं, कारण आपला कायदा मुलं आहेत असं धरूनच चालतो.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं ते बघ. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मूल नसलेल्या पुरुषाची मालमत्ता बायको आणि आई यांच्यात सारखी वाटली जाते. फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा असेल आणि नवरा आधी गेला, तर त्याच्या अर्ध्यातला अर्धा, म्हणजे फ्लॅटचा चौथा हिस्सा सासूबाईंचा. तुझं गणित आणखी वेगळं आहे. तू स्वतः कमावलेलं आधी नवऱ्याला जातं. तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, म्हणजे सासूबाई, सासरे, मग दीर-नणंदा. तुझ्या आईबाबांचा नंबर त्यांच्या मागे लागतो. आणि आईबाबांकडून वारशाने तुला जे मिळेल ते, मूल नसल्यामुळे, नवऱ्यालासुद्धा जात नाही. ते तुझ्या वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे आई-दादाकडे परत जातं. यातलं काही तुला मान्य असेल, काही नसेल. पण ते तू ठरवलेलं असावं.

म्हणून दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. दोन साक्षीदार हवेत, त्यांच्यासमोर सही करायची, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करायचं नाही. बहुतेक जोडपी ‘माझ्यामागे सगळं नवऱ्याला’, ‘माझ्यामागे सगळं बायकोला’ एवढंच लिहून थांबतात. दोघं एकाच अपघातात गेले, किंवा मागे राहिलेल्याने नवं मृत्युपत्र केलं नाही, तर पुन्हा वरचा कायदा लागू. त्यामुळे ‘ती व्यक्ती हयात नसल्यास’ असं दुसरं नाव लिहायलाच हवं: भाची, मैत्रीण, संस्था, कुणीही. मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा व्यवस्थापक म्हणून ज्याला नेमाल तो तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असावा. नॉमिनीचं नाव टाकलंय म्हणून निर्धास्त राहू नका. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी हा सांभाळणारा असतो, मालक नसतो. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून नवरा-बायको किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते.

आजारपणाची तयारी निराळी करावी लागते. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं असं लोकांना वाटतं, पण देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते आपल्याकडे लागू राहत नाही, म्हणजे नेमकं गरजेला निकामी. रोजच्या खर्चाची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीची ठेवा. मेडिक्लेम कंपनीचा आहे त्यावर विसंबू नका, नोकरी संपली की तो संपतो. चाळिशीच्या आत स्वतःचा काढा. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागणारा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, तो तब्येत धड असताना निघून जाऊ दे. अखेरच्या उपचारांबद्दलची आगाऊ वैद्यकीय सूचनाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती मान्य केली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. त्यात तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची एकाहून जास्त नावं घाला.

एखाद्या भाच्याला ‘तू आमचं बघ, फ्लॅट तुझा’ असं सांगायची वेळ पुढे आली तर हयातीत नावावर करू नका. करायचंच झालं तर सांभाळायची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अट तोंडी असेल तर ती सिद्ध करत बसावं लागतं. याच कायद्यात मूल नसलेल्या ज्येष्ठांना, जो नातेवाईक त्यांची मालमत्ता घेणार आहे त्याच्याकडून निर्वाह मागता येतो.

आणि याच कायद्यात दादाचं उत्तर आहे. आईवडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी आहे. कुणाला मूल आहे आणि कुणाला नाही याचा तिथे संबंध नाही. पण कायदा दाखवून भांडू नकोस, एक तक्ता कर. महिन्याची औषधं, डॉक्टरांच्या भेटी, बँक, लाइट बिल, मेडिक्लेमचं नूतनीकरण, मदतनीस बाईंचा पगार, रात्रीचा मुक्काम, तातडीचा फोन. प्रत्येकापुढे महिन्याचे तास आणि रुपये लिही आणि नाव घाल. बिलं, औषधांची ऑर्डर, मेडिक्लेम ही कामं कुठूनही होतात, त्यामुळे दादा गावात नसला तरी ती त्याची. तास तुझे जास्त लागत असतील तर पैसे त्याचे जास्त लागायला हवेत. ‘तुला कुठे व्याप आहे’ला उत्तर म्हणून तो कागद पुढे ठेवायचा. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचा, कारण आईबाबांची गरज बदलत जाते.

राहिली नसबंदी. बिनटाक्याची पुरुष नसबंदी छोटी असते, भूल फक्त तेवढ्या भागाला देतात, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. पण सरकारी नियमावलीत जोडप्याला निदान एक, वर्षापेक्षा मोठं मूल असावं अशी अट आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यात नाही म्हणतील. खासगी युरोलॉजिस्टकडे जा, दोघं मिळून जा, आणि एकाने नकार दिला तर दुसऱ्याकडे. पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया असते, पण तिची खात्री नसते, म्हणून ‘कायमचं’ हे मनात पक्कं झाल्यावरच करायची. अजून थोडं थांबावंसं वाटत असेल तर तुला कॉपर टी ३८० ए बसवता येईल, ती दहा वर्षं चालते. नसबंदी केलीच, तर पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून शुक्रजंतू नाहीत असा लेखी रिपोर्ट घ्यायचा. तो हातात येईपर्यंत शस्त्रक्रिया झाली असं समजायचं नाही. दिवस राहतात ते बहुधा याच तीन महिन्यांत.

— ताई